संग्रह की प्रवेशपरवाना? : मांगा चित्रकारांच्या चित्रग्रंथांच्या डिजिटल आवृत्त्यांची चिकित्सा

प्रस्तावना :

जपानी चित्रकथांना, म्हणजेच 'मांगा' या प्रकाराला, गेल्या काही दशकांत जगभर वाचक लाभला आहे. मांगाची कथनपद्धती, त्यातील चौकटींची रचना आणि त्याची बाजारपेठ यांविषयी बरेच लेखन झाले. मांगा चित्रकारांनी कथेच्या चौकटीबाहेर काढलेल्या चित्रांकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. मुखपृष्ठे, साप्ताहिकाच्या अंकातील आरंभीची रंगीत पाने, भित्तिपत्रके, दिनदर्शिका यांसाठी ही चित्रे काढली जातात आणि पुढे ती एकत्र करून त्यांचा स्वतंत्र ग्रंथ काढला जातो. जपानीत त्याला 'गाशू' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'चित्रग्रंथ' ही संज्ञा वापरली आहे, आणि व्यक्तिनामे जपानी पद्धतीप्रमाणे आडनाव आधी घेऊन लिहिली आहेत.

जपानमध्ये २०१७ साली मांगाच्या डिजिटल विक्रीची रक्कम छापील मांगा-पुस्तकांच्या विक्रीपेक्षा प्रथमच अधिक झाली. वाचनाचे माध्यम बदलले की संग्रहाचे माध्यमही बदलते. पूर्वी कपाटात उभे राहणारे मोठ्या आकाराचे चित्रग्रंथ आता टॅबलेटच्या पडद्यावर एका ओळीत दिसतात. अशा वेळी डिजिटल चित्रग्रंथ जमवणाऱ्याच्या हाती नेमके काय येते, हा प्रश्न उपस्थित होतो. चित्र पाहण्याची सोय डिजिटल आवृत्तीने निश्चितच वाढवली आहे. परंतु पाहण्याची सोय आणि संग्रह या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रत हाती असणे, त्या प्रतीची ओळख निश्चित असणे आणि तिच्या रंगरेषांची जबाबदारी कोणीतरी घेतलेली असणे, या तीन अटी पूर्ण झाल्या तरच डिजिटल चित्रग्रंथाला संग्रह म्हणता येईल, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

चित्रग्रंथाची परंपरा :

'मूळ चित्र श्रेष्ठ आणि छापील प्रत गौण' हा विचार युरोपीय चित्रकलेच्या इतिहासातून आपल्या परिचयाचा झाला आहे. वॉल्टर बेंजामिन यांनी १९३५-३६ च्या सुमारास यांत्रिक पुनर्निर्मितीवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात मूळ कलाकृतीचे तेजोवलय प्रतींच्या युगात क्षीण होते, असे मांडले. जपानी चित्रपरंपरेला हा विचार जसाच्या तसा लावता येत नाही. कात्सुशिका होकुसाई यांच्या 'होकुसाई मांगा' या ग्रंथमालेचा पहिला खंड १८१४ मध्ये आला आणि पंधरावा खंड त्यांच्या मृत्यूनंतर, १८७८ मध्ये निघाला. काष्ठठशाच्या तंत्रात चित्रकाराचे रेखाटन लाकडी ठोकळ्यावर चिकटवून त्यावरूनच कोरीव काम केले जाई. कोरताना ते रेखाटन नष्ट होई. म्हणजे तेथे छापील प्रत हीच कलाकृती होती आणि मूळ चित्र हा तिच्या वाटेवरचा एक टप्पा होता.

आधुनिक मांगाने हा वारसा वेगळ्या स्वरूपात चालवला. १९५९ मध्ये 'शोनेन मॅगझिन' आणि 'शोनेन संडे' ही साप्ताहिके सुरू झाली आणि मांगा हे साप्ताहिकांच्या वेगाने छापले जाणारे माध्यम बनले. चित्रकार सामान्यतः बी-४ आकाराच्या (२५७ × ३६४ मि.मी.) कागदावर काम करतो, ते स्वस्त कागदाच्या बी-५ आकारातील साप्ताहिकात लहान होऊन छापले जाते आणि पुस्तकरूपात आणखी लहान होते. साप्ताहिकात रंगीत असलेली पाने पुस्तकात बहुधा कृष्णधवल होतात. रंगीत चित्र आठवडाभरात रद्दीत जाते आणि पुस्तकात त्याची करडी सावली उरते. या हानीची भरपाई करण्याचे काम चित्रग्रंथ करतो. चित्रकाराने रंगांचा जो विचार केला, तो वाचकाला सलगपणे प्रथम तेथेच दिसतो.

दोन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल. शिरो मासामुने यांचा 'इंट्रॉन डेपो' हा चित्रग्रंथ १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चित्रांबरोबर चित्रकाराची टिपणेही असल्यामुळे तो चित्रांचा संच आणि कारागिरीची नोंदवही अशा दोन्ही अंगांनी वाचता येतो. इनोउए ताकेहिको यांच्या 'व्हॅगाबाँड' या कथामालेवरील 'वॉटर' आणि 'सुमी' हे दोन ग्रंथ २००६ मध्ये निघाले. पहिल्यात रंगीत चित्रे आणि दुसऱ्यात काळ्या शाईची चित्रे अशी विभागणी आहे. ही विभागणी केवळ सोयीची नाही. रंग आणि शाई या दोन वेगळ्या साधना आहेत, हे ग्रंथाची मांडणीच वाचकाला सांगते. चित्रग्रंथ हा चित्रांवरचा एक अभिप्राय असतो, तो असा.

पडद्यावरील चित्र : लाभ आणि हानी :

डिजिटल आवृत्तीचे लाभ मान्य केल्याशिवाय तिची चिकित्सा न्याय्य होणार नाही. दोन पानांवर पसरलेले चित्र छापील ग्रंथात बांधणीच्या घडीत दबते. पुष्कळदा मुख्य पात्राचा चेहराच घडीत जातो. मोठ्या पडद्यावर ते चित्र अखंड दिसू शकते. चित्र मोठे करून टाकाचा फटकारा, ब्रशचा कोरडा शेवट, पांढऱ्या रंगाने केलेली दुरुस्ती न्याहाळता येते. अध्यापकाला वर्गात प्रक्षेपकाद्वारे तोच तपशील साठ विद्यार्थ्यांना एकाच वेळी दाखवता येतो.

हानीचा विचार मात्र अधिक बारकाईने करावा लागतो. पहिली हानी आकाराची आहे. छापील ग्रंथाचे पान आपले माप स्वतःबरोबर घेऊन येते. पडद्यावर तेच चित्र तळहाताएवढे किंवा भिंतीएवढे होते आणि त्याचे स्वतःचे माप कोठेच नोंदलेले नसते. मूळ चित्र केवढे होते, हे न कळल्यामुळे रेषेच्या जाडीविषयीचे प्रत्येक विधान संशयास्पद ठरते.

दुसरी हानी रंगाची आहे. छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांतून रंग सिद्ध होतो. पडद्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून. दोहोंची रंगकक्षा सारखी नसते. जपानी मुद्रक त्वचेचा गुलाबी उजळ दिसावा म्हणून काही वेळा फ्लुरोसंट गुलाबी शाई वापरतात. अशा शाईचा परिणाम पडद्यावर तंतोतंत येत नाही. शिवाय प्रत्येक पडद्याची उजळता निराळी. छापील ग्रंथात रंगाचा निर्णय मुद्रणालयात एकदा घेतला जातो आणि सर्व प्रतींना तो बराचसा समान लागू होतो. डिजिटल आवृत्तीत तो निर्णय नकळत वाचकाच्या यंत्रावर सोपवला जातो. 'सुमी'सारख्या ग्रंथातील शाईच्या छटा तर करड्या रंगाच्या सूक्ष्म पायऱ्यांवर उभ्या असतात. ई-शाईच्या साध्या वाचनयंत्रावर सोळाच करड्या पायऱ्या उपलब्ध असल्यास त्या छटांचे काय होणार, हे वेगळे सांगावयास नको.

येथे एक महत्त्वाचा भेद करणे आवश्यक आहे. वरील विवेचन कागदावर काढलेल्या चित्रांना लागू पडते. आज अनेक मांगा चित्रकार थेट संगणकावर काम करतात. त्यांच्या चित्राला कागदी मूळ नसतेच. ते प्रकाशरंगांतच जन्माला येते आणि छापील ग्रंथात जाताना त्याचे काही रंग मंदावतात. अशा चित्राच्या बाबतीत डिजिटल आवृत्ती मूळाच्या अधिक निकट असते आणि छापील ग्रंथ हाच अनुवाद ठरतो. त्यामुळे 'छापील खरे, डिजिटल खोटे' हे सरसकट विधान टिकत नाही. चित्र कोणत्या साधनाने निर्माण झाले, हे आधी पाहावे लागते आणि बहुसंख्य डिजिटल चित्रग्रंथ नेमकी हीच माहिती देत नाहीत.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. तोरियामा अकिरा (१९५५-२०२४) यांच्या 'ड्रॅगन बॉल' या १९८४ ते १९९५ या काळात चाललेल्या मालेची संपूर्ण रंगीत आवृत्तीही उपलब्ध आहे. तिच्यात मूळच्या कृष्णधवल पानांवर नंतर डिजिटल पद्धतीने रंग चढवलेले आहेत. तोरियामा यांनी स्वतः रंगवलेली पाने आणि नंतर रंगवली गेलेली पाने यांत फरक न केल्यास अभ्यासक चित्रकाराच्या रंगदृष्टीविषयी चुकीचे निष्कर्ष काढील. संग्राहकाच्या नजरेने पाहता ही निराळी कृती आहे आणि तिची नोंद निराळी झाली पाहिजे.

आवृत्तीची ओळख :

ग्रंथसंग्रहाचा पाया आवृत्तीची ओळख हा आहे. जपानी पुस्तकाच्या शेवटी 'ओकुझुके' नावाचे पान असते. त्यावर प्रकाशक, मुद्रक, प्रकाशनाची तारीख आणि कितवे मुद्रण हा तपशील दिलेला असतो. संग्राहक पुस्तक हाती घेताच प्रथम हे पान उघडतो, कारण पहिल्या मुद्रणातील रंग आणि दहाव्या मुद्रणातील रंग सारखेच असतील याची खात्री नसते. डिजिटल आवृत्तीत हे पान पुष्कळदा छापील ग्रंथावरून तसेच उचललेले असते. ते छापील प्रतीची साक्ष देते. समोरच्या फाइलविषयी काहीच सांगत नाही. चित्रे मूळ कागदावरून स्कॅन केली की छापील पानावरून, किती सूक्ष्मतेने केली, रंगसंस्कार कोणी केले, यांचा उल्लेख आढळत नाही. विक्रेता फाइल बदलून सुधारित प्रत देऊ शकतो आणि जुनी प्रत कशी होती हे नंतर तपासता येत नाही. छापील ग्रंथाचे वेष्टण, घडीची भित्तिपत्रके, मुखपृष्ठावरील कागदी पट्टी यांनाही डिजिटल आवृत्तीत क्वचितच स्थान मिळते.

बेंजामिन यांनी १९३१ मध्ये स्वतःच्या ग्रंथसंग्रहाविषयी लिहिलेल्या निबंधात संग्राहक आणि वस्तू यांच्या नात्याला मध्यवर्ती स्थान दिले आहे. प्रत्येक प्रतीला स्वतःचा इतिहास असतो, ती कोठून आली, कोणाकडे होती, हे संग्राहकाला ठाऊक असते. डिजिटल चित्रग्रंथाच्या लाखो प्रतींना मिळून एकच इतिहास असतो आणि तो विक्रेत्याच्या संगणकावर असतो.

मालकीचा प्रश्न :

सर्वांत गंभीर मुद्दा मालकीचा आहे. जपानी प्रकाशकांच्या संघटनेच्या पाठबळाने २०११ मध्ये 'जेमांगा' नावाची इंग्रजी डिजिटल मांगासेवा सुरू झाली. ३० मे २०१३ रोजी ती बंद झाली आणि पैसे मोजून घेतलेली पुस्तके वाचकांना दिसेनाशी झाली. अ‍ॅमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडल पुस्तके यूएसबीद्वारे वाचनयंत्रात नेण्यासाठी संगणकावर उतरवून घेण्याची जुनी सोय काढून टाकली. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर तसे स्पष्ट न सांगता 'खरेदी' हा शब्द विक्रेत्याला वापरता येत नाही. कायद्याला शब्दाचा अर्थ सांगावा लागला, यातच व्यवहारातील संदिग्धता दिसून येते.

आपल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांना हा अनुभव परका नाही. छापील नियतकालिकाची वर्गणी थांबली तरी जुने अंक मांडणीवर राहतात. ई-नियतकालिकाची वर्गणी थांबल्यावर मागील अंक पाहता येतील की नाही, हे करारातील एका कलमावर अवलंबून असते. डिजिटल चित्रग्रंथाच्या संग्राहकाची स्थिती याहून वेगळी नाही; फरक एवढाच, की त्याच्यासाठी तो करार वाचणारा ग्रंथपाल नसतो.

या असुरक्षिततेवर संग्राहकांनी दोन मार्ग शोधले. त्यांपैकी एकाला जपानीत 'जिसुई' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ आपले अन्न आपणच शिजवणे असा आहे. स्वतःच्या पुस्तकाचा कणा कापून पाने सुटी करावयाची आणि स्कॅनरमधून काढून स्वतःची डिजिटल प्रत तयार करावयाची, असा हा प्रकार आहे. २०१० नंतर तो विशेष रूढ झाला. हे काम पैसे घेऊन करून देणाऱ्या व्यवसायांविरुद्ध लेखक आणि मांगाकार न्यायालयात गेले. बौद्धिक संपदा उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये असा व्यवसाय कॉपीराइटचे उल्लंघन ठरवला. खाजगी वापराची सवलत स्वतः प्रत करणाऱ्यालाच मिळते, असा त्याचा आशय होता. चित्रग्रंथाच्या संदर्भात जिसुईतील विसंगती टोकाची आहे. प्रत टिकवण्यासाठी प्रत नष्ट करावी लागते. होकुसाईंच्या रेखाटनाचे कोरणाऱ्याच्या हातून जे होत असे, तेच येथे संग्राहकाच्या हातून ग्रंथाचे होते.

दुसरा मार्ग चित्रकारांनीच खुला केला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या 'कॉमिकेट' या मेळ्यात चित्रकार स्वतः छापलेल्या पुस्तिका विकतात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'बूथ' या विक्रीमंचावर अशा चित्रपुस्तिकांच्या फाइलीही मिळतात. येथे ग्राहक फाइल उतरवून घेतो आणि ती त्याच्या संगणकावर राहते. ती इतरांना वाटू नये, अशी अट सामान्यतः असते. प्रसिद्ध चित्रकाराच्या भव्य ग्रंथाची डिजिटल आवृत्ती घेणाऱ्याला प्रवेशपरवाना मिळतो आणि एखाद्या नवोदिताची वीस पानांची पुस्तिका घेणाऱ्याला प्रत मिळते, ही परिस्थिती विचार करावयास लावणारी आहे. चोरट्या संकेतस्थळांवरील साठे हा याला पर्याय असू शकत नाही. जपानमध्ये १ जानेवारी २०२१ पासून बेकायदा मांगा जाणूनबुजून उतरवून घेणेही कायद्याच्या कक्षेत आले आहे. शिवाय अशा साठ्यांत प्रतीचे मूळ सांगणारे कोणी नसते आणि चित्रकाराला मोबदला मिळत नाही.

जतन आणि जबाबदारी :

हा प्रश्न केवळ संग्राहकांच्या हौसेपुरता मर्यादित नाही. रंगीत शाया आणि मार्कर यांतील अनेक रंग प्रकाशाने फिके होतात. म्हणजे ज्या चित्रांची आज प्रत काढली जात आहे, त्यांची मूळे उद्या तशीच असतील याची शाश्वती नाही. दुसरीकडे, मूळ चित्रे सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेर गेली आहेत. तेझुका ओसामू यांच्या 'अ‍ॅस्ट्रो बॉय'च्या एका मूळ पानाला २०१८ मध्ये पॅरिसच्या लिलावात २,६९,४०० युरो किंमत आली. सर्वसामान्य अभ्यासकाला प्रतींवरच विसंबून राहावे लागणार असेल, तर प्रत कशी असावी हा सांस्कृतिक प्रश्न ठरतो.

याचे सर्वांत विचारपूर्ण उत्तर एका मांगाकार स्त्रीने दिले आहे. ताकेमिया केइको यांच्या पुढाकाराने क्योतो सेइका विद्यापीठात २००१ मध्ये 'गेंगा डॅश' हा उपक्रम सुरू झाला. 'गेंगा' म्हणजे मूळ चित्र; त्यापुढील 'डॅश' हे गणितातील खुणेसारखे चिन्ह 'मूळ, पण मूळ नव्हे' असे सुचवते. मूळ चित्र स्कॅन करून, त्याच्याशी शेजारी ठेवून रंग पुन्हा पुन्हा जुळवून, पेन्सिलीच्या खुणांसह सूक्ष्म प्रतिकृती छापली जाते. मूळ अंधारात सुरक्षित राहते आणि प्रदर्शनात प्रतिकृती जाते. येथे तंत्र डिजिटलच आहे. फरक जबाबदारीचा आहे. रंग बरोबर आहे, असे म्हणणारा कोणीतरी तेथे उभा असतो आणि प्रत स्वतःला प्रत म्हणवून घेते.

अकिता प्रांतातील योकोते येथील मासुदा मांगा संग्रहालयात चार लाखांहून अधिक मूळ पाने सांभाळली जातात आणि त्यांच्या डिजिटल प्रती करण्याचे कामही चालते. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाने जानेवारी २०२३ पासून सशुल्क आणि कुलूपबंद ई-पुस्तकेही ग्रंथालयात जमा करण्याच्या तरतुदीच्या कक्षेत आणली. विक्रेता बंद पडला तरी प्रत कोठेतरी राहावी, या दृष्टीने ही पावले महत्त्वाची आहेत. तरीही फाइल राहणे आणि चित्राचा रंग राहणे यांत अंतर आहे. कुलूपबंद पेटी जपली म्हणजे आतील चित्र योग्य रंगात जपले गेले, असे होत नाही.

निष्कर्ष :

१. जपानी परंपरेत छापील प्रतीला गौण मानले गेलेले नाही. त्यामुळे डिजिटल प्रत ही केवळ प्रत आहे म्हणून कमी प्रतीची ठरत नाही.

२. कागदावर काढलेले चित्र आणि संगणकावर काढलेले चित्र यांच्या डिजिटल आवृत्त्यांचे मूल्यमापन वेगवेगळ्या निकषांवर व्हावयास हवे. त्यासाठी प्रत्येक चित्राचे साधन, मूळ माप आणि वर्ष नोंदवणे आवश्यक आहे.

३. डिजिटल चित्रग्रंथाला स्वतःचे 'ओकुझुके' असावे. स्कॅनचा स्रोत, सूक्ष्मता, रंगसंस्कार करणारी व्यक्ती आणि फाइलीची आवृत्ती हा तपशील त्यात यावा.

४. जोपर्यंत वाचकाला प्रत स्वतःजवळ ठेवता येत नाही, तोपर्यंत त्याच्याकडे असलेल्या पुस्तकांच्या यादीला संग्रह म्हणणे अचूक नाही. चित्रकलेच्या अध्यापनासाठी अशा आवृत्त्या उपयुक्त आहेत. संशोधनाचा एकमेव आधार म्हणून त्या पुरेशा नाहीत.

चित्रग्रंथ हा मांगाकाराला साप्ताहिकाच्या रद्दीतून मिळालेला दुसरा जन्म होता. एका आठवड्यासाठी काढलेले चित्र त्यामुळे पुढच्या पिढीपर्यंत पोहोचले. डिजिटल आवृत्तीने त्याचे आयुष्य वाढवावे, अशी अपेक्षा बाळगणे गैर नाही. मात्र विक्रेत्याचा करार संपेल त्या दिवशी चित्रही संपणार असेल, तर ते पुन्हा साप्ताहिकाच्याच आयुष्याला परत गेले असे म्हणावे लागेल.